गणित चोख, गृहीत कच्चे

सूर्य चंद्राच्या किती पट लांब आहे? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सामोस बेटावरच्या अ‍ॅरिस्टार्कसने या प्रश्नाला हात घातला. चंद्रबिंब बरोबर अर्धे उजळते तेव्हा पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांच्या त्रिकोणातला काटकोन चंद्रापाशी येतो. पृथ्वीवरून चंद्र-सूर्यामधला कोन तेवढा मोजायचा. त्याने तो ८७ अंश धरला आणि उत्तर काढले, अठरा ते वीस पट. प्रत्यक्षात कोन आहे ८९ अंश ५१ कला आणि उत्तर सुमारे ३९० पट. तीन अंशांच्या आतली चूक, पण काटकोनाच्या इतक्या जवळ एकेक कला भारी पडते. त्यातून बिंब नेमके कोणत्या क्षणी अर्धे झाले हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचे, म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे!

पुढची दोन हजार वर्षे या विषयात थोड्याफार फरकाने असेच होत आले. हिशेबात सहसा कोणी चुकले नाही. हिशेब मांडण्याआधी जे खरे धरून चालले होते, तिथे पाणी मुरत होते.

आपल्या सिद्धांतग्रंथांचे पाहा. निरीक्षकाची जागा बदलली की जवळची वस्तू दूरच्या पार्श्वभूमीवर सरकलेली दिसते. हे लंबन, आणि ग्रहणाच्या गणितात त्याच्यावाचून पान हलत नाही. सूर्यसिद्धांतात पृथ्वीचा व्यास १६०० योजने आणि चंद्राची कक्षा ३,२४,००० योजने दिली आहे. यावरून चंद्राचे अंतर पृथ्वीच्या सुमारे ६४ त्रिज्या येते. आजचा आकडा साठाच्या आसपास, म्हणजे काम उत्तमच. पुढे मात्र एक गृहीत आले: सगळे ग्रह रोज सारखीच योजने चालतात. मग ज्याला फेरीला जास्त दिवस, त्याची कक्षा त्या प्रमाणात मोठी. चंद्राला सव्वासत्तावीस दिवस लागतात, सूर्याला ३६५. केला भागाकार, आणि सूर्य चंद्राच्या जेमतेम तेरा-साडेतेरा पट अंतरावर येऊन बसला. त्या हिशेबाने सूर्याचे लंबन जवळपास चार कला भरते. खरे तर ते नऊ विकलाही नाही.

गंमत अशी की हे गृहीत आहे, याची जाणीव भास्कराचार्यांना पुरेपूर होती. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. त्याच घराण्यातला हा गणिती ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त आकाशकक्षेचा सतरा अंकी आकडा देतो आणि वर स्पष्ट सांगतो, की ब्रह्मांड एवढे असो वा नसो, कल्पभरात ग्रह जितकी योजने चालतो, तेवढे माप पूर्वाचार्यांनी सांगितले आहे, इतकाच याचा अर्थ. बाराव्या शतकातला हा सावधपणा नंतरच्या पुष्कळांना साधलेला नाही.

टायको ब्राहीलाही नाही, आणि तो दुर्बिणीपूर्व काळातला सर्वांत काटेकोर निरीक्षक होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे म्हणणे खरे असते, तर सहा महिन्यांत तारे सरकलेले दिसायला हवे होते. टायकोला तसे काही दिसेना. मग तारे शनीच्या शेकडो पट लांब असले पाहिजेत. पण तेजस्वी ताऱ्यांचे बिंब त्याला दोन-तीन कलांचे भासत होते. इतक्या लांबून एवढे दिसणारा तारा पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेएवढा राक्षसी ठरला असता. हे त्याने अशक्य मानले आणि पृथ्वी स्थिर ठेवली. अडाणीपणाचा इथे लवलेश नाही. ताऱ्यांना डोळ्यांना दिसणारे बिंब असते, हेच काय ते खोटे होते. ती नजरेची करामत.

केप्लरच्या १६१९ च्या नियमाने ग्रहांच्या अंतरांची प्रमाणे कळली. नकाशा तयार झाला, त्यावर किलोमीटरची पट्टी तेवढी नव्हती. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून वेळा टिपल्या तर ती मिळेल, असे हॅलीने १७१६ मध्ये सुचवले. अशी अधिक्रमणे होणार होती १७६१ आणि १७६९ साली, हॅली वारल्यानंतर.

फ्रेंच विज्ञान अकादमीने ल जांती या खगोलज्ञाला पाँडिचेरीला धाडले. १७६० मध्ये तो निघाला, पण वाटेतच कळले की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. ६ जून १७६१ ला आकाश स्वच्छ होते आणि तो भर समुद्रात, डुलणाऱ्या जहाजावर. ना लंबकाचे घड्याळ चालणार, ना रेखांश कळणार. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. हा आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला. पाँडिचेरी फ्रेंचांकडे परत आल्यावर तिथल्या किल्ल्याच्या पडझडीत त्याने वेधशाळा उभारली. मधल्या वेळात तमिळ पंचांगकर्त्यांची ग्रहणे काढण्याची रीत शिकून घेतली. १७६९ च्या जूनमध्ये अधिक्रमणाच्या पहाटे ढग आले, आणि शुक्र सूर्यबिंब ओलांडून गेल्यावर ऊन पडले. १७७१ मध्ये तो फ्रान्सला पोहोचला, तेव्हा वारसांनी त्याला मेला समजून मालमत्तेची वाटणी आरंभली होती.

इतरांची निरीक्षणे मात्र कामी आली. लालांदने त्यांवरून सूर्याचे अंतर १५.३ कोटी किलोमीटर काढले. आज आपण १४.९६ कोटी मानतो.

ताऱ्यांचे लंबन १८३८ साली बेसेलला सापडले, हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे: ०.३१ विकला. अडीच सेंटिमीटरचे नाणे सोळा किलोमीटरवर ठेवले तर एवढे दिसेल. या मार्गाने फार पुढे जाता येणार नव्हते हे उघडच होते.

पुढची वाट हार्वर्डला काचेच्या छायाचित्रपट्ट्या तपासणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिटने दाखवली. लहान मॅगेलनी मेघातल्या सेफीड जातीच्या २५ रूपविकारी ताऱ्यांत, तारा जितका तेजस्वी तितका त्याचा आवर्तकाळ मोठा, असे तिने १९१२ मध्ये मांडले. सगळे तारे एकाच मेघात, म्हणून आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, एवढेच तिने धरले होते. इथले गृहीत पक्के निघाले. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनवर हबलने देवयानीच्या छायाचित्रावर एका ताऱ्याला नवतारा समजून ‘एन’ लिहिले होते, ते खोडून ‘व्हीएआर!’ असे लिहिले, म्हणजे रूपविकारी. आवर्तकाळ ३१ दिवस, त्यावरून ताऱ्याचे खरे तेज, आणि ते इथून किती फिके दिसते यावरून अंतर: सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली.

तरीही आकडा चुकलाच. अशाच अंतरांवरून हबलने १९२९ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढला, त्यावरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते, आणि भूगर्भशास्त्रज्ञांकडचे खडक त्याहून म्हातारे होते! महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये दिवे मालवलेले असताना वॉल्टर बाडे माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर बसून होता. त्याला ताऱ्यांच्या दोन पिढ्या वेगळ्या दिसल्या, आणि पुढे सेफीडही दोन जातींचे निघाले. मोजणी एकाच जातीची मानून झाली होती. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत त्याने हे जाहीर केले आणि दीर्घिकांची अंतरे एका फटक्यात दुप्पट झाली. आज देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे.

२०१३ ते २०२५ या काळात गाया यानाने जवळपास दीडशे कोटी ताऱ्यांचे लंबन मोजले. तरी विश्व किती वेगाने फुगते आहे यावर एकमत नाही. दर मेगापार्सेकला, म्हणजे साधारण ३३ लाख प्रकाशवर्षांना, सेफीड आणि अतिनवताऱ्यांवरून सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतात. आदिविश्वाच्या प्रारणावरून ६७ ते ६८. गायाच्या २०१८ च्या नोंदींत तर अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारांचे लंबनही शून्य येत नव्हते, सरासरी उणे ०.००००२९ विकला येत होते. लंबन उणे असूच शकत नाही. दोष यानाच्या मोजणीतला. त्याची दुरुस्ती ताऱ्याचे तेज आणि रंग पाहून बदलते. सेफीडांचे तेज आणि रंग दोन्ही ठरावीक काळाने बदलत राहतात, म्हणून त्यांच्यासाठी ती किती धरायची, यावर ७३ चा आकडा काढणाऱ्या गटांनी स्वतंत्र निबंध लिहिले आहेत.