इंजिनांतील तेल खुणेच्या वर गेल्यास काय करावें?

गाडीच्या इंजिनांत तेल खुणेच्या किंचित् वर गेलें, तर तें चालवून घ्यावें कीं काढून टाकावें, हा प्रश्न पूर्वीं ड्रायव्हर व मिस्त्री यांचा होता. आतां तो शेतकऱ्याचाहि झाला आहे. सन १९९६ मध्यें मुंबईचे भाजीपाल्याचे व फळांचे घाऊक बाजार वाशीस आले. जुन्नरकडील माल माळशेज घाटानें, नाशिककडील कसारा घाटानें व पुणें-सातारा बाजूचा खंडाळ्यावरून रात्रभर चालून तेथें पोंचतो. पुष्कळ बागाईतदारांनीं या कामीं स्वतःची पिकअप गाडी घेतली आहे. घाटांत इंजिन निकामी झालें, तर नुसता दुरुस्तीचा खर्च पडून भागत नाहीं. बाजाराची वेळ टळते, आणि मेथी-कोथिंबिरीसारख्या नाशवंत मालाचें मोल राहत नाहीं. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथें देत आहों.

इंजिनाच्या तळाशीं तेलाचें चेंबर असतें. तेथून पंप तेल ओढतो. तें फिल्टरांतून गाळून, दाबानें क्रँकच्या बेअरिंगांस व वरील व्हॉल्व्हांस पोंचतें, आणि ओघळून पुन्हां चेंबरांत येतें. क्रँक व बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा पातळ थर असतो. त्या थरावर क्रँक फिरतो, म्हणून धातूवर धातू घांसत नाहीं. हा थर टिकण्यास पंपाला अखंड तेल मिळालें पाहिजे. तेलांत हवा मिसळली कीं दाब पडतो, आणि थर तुटतो. सर्व प्रश्नाचें मूळ हेंच आहे.

तेल फार कमी असलें, तर चढावर व वळणावर तें एका बाजूस सरतें आणि पंप हवा ओढतो. तेल फार जास्त असलें, तरी दुसऱ्या वाटेनें तेंच घडतें. मिनिटास दोन-तीन हजार फेरे घेणारा क्रँक तेलांत बुडूं लागतो, व रवीनें ताक घुसळावें तसें तेल घुसळतो. त्याचा फेंस होतो, आणि पंपास तेलाऐवजीं फेंस मिळतो. शिवाय तेल अधिक तापतें, सीलांतून गळूं लागतें, व ब्रीदरच्या नळीनें सिलिंडरांत जाऊन जळतें. मग निळसर धूर दिसतो. डिझेल इंजिनांत असें तेल फार गेलें, तर क्वचित् इंजिन त्या तेलावरच धांवूं लागतें आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाहीं.

मग किंचित् जास्त तेलानें हें सर्व कां होत नाहीं? याचीं कारणें दोन. एक, वरच्या खुणेपर्यंत तेल भरलें तरी क्रँक त्यास लागणार नाहीं, इतकी मोकळी जागा कारखानदार ठेवतात. दुसरें, इंजिन चालूं असतां कांहीं तेल वरच्या भागांत फिरत असतें. म्हणून चेंबरांतील पातळी बंद इंजिनांतल्या पातळीहून खालीं असते. पुष्कळ गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमधील अंतर सुमारें एक लिटर तेलाचें असतें. त्या मानानें वरच्या खुणेवर दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे शंभर-दोनशें मिलिलिटर तेल चढलें, तर सामान्यतः बाध येत नाहीं. अर्धा लिटर किंवा अधिक चढलें, तर मात्र तें काढल्याशिवाय गाडी घाटास लावूं नये. यांच्यामधील स्थितींत काढून टाकणेंच शहाणपणाचें. गाडीसोबतच्या पुस्तकांत वेगळें सांगितलें असेल, तर तें प्रमाण मानावें.

परंतु आधीं मोजणी बरोबर असावी. पिकाचा अंदाज नजरेनें बांधतां येतो, तेलाचा येत नाहीं. गाडींत मागें माल भरला असतां पुढील बाजू उचलली जाते, आणि मोजणी चुकते. सबब वाशीस माल उतरल्यावर, रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करावी. इंजिन बंद करून दहा मिनिटें तेल खालीं उतरूं द्यावें. डिपस्टिक पुसून, पुरती आंत घालून मग बाहेर काढावी. तिच्या दोन्हीं अंगांस वेगळी पातळी दिसल्यास पुन्हां पुसून पाहावें. इंजिन बंद करतांच पाहिलें, तर तेल कमी भासतें. मग मनुष्य वर ओततो, आणि जास्त तेलाचें निमित्त होतें.

दुसरें निमित्त डब्याचें. समजा, इंजिनास ३ लिटर तेल लागतें आणि डबा साडेतीन लिटरांचा आहे. उरलेलें काय करावें, म्हणून मिस्त्री सगळाच डबा रिकामा करतो. फिल्टर बदलला नाहीं, तर त्यांतील जुनें तेलहि आंतच राहतें. म्हणून तेल बदलतांना स्वतः उभें राहावें. अपेक्षित मापाहून थोडें कमी ओतून, इंजिन क्षणभर चालवून, मोजून, मग थोडथोडें वाढवावें. उरलेलें तेल डब्यांत ठेवावें.

जास्त झालेलें तेल डिपस्टिकच्या नळींतून बारीक रबरी नळी घालून पिचकारीनें ओढतां येतें. चेंबरचा खालचा नट सैल करणें हा दुसरा मार्ग, पण तेल तप्त असतां हात भाजतो. म्हणून इंजिन निवूं द्यावें. काढलेलें तेल विहिरीजवळ, बांधावर अगर ओढ्यांत टाकूं नये. वापरलेलें तेल २०१६ च्या नियमांनीं घातक टाकाऊ पदार्थांत मोडतें; तें परवानाधारक खरेदीदारास पोंचेल अशा गॅरेजांतच द्यावें.

सर्वांत अधिक सावधगिरी येथें हवी : कोणीं ओतलें नसतां तेल आपोआप वाढलें, तर तें तेल नव्हे. रंग दुधाळ असल्यास रेडिएटरचें पाणी मिसळलें असें समजावें. डिझेलचा वास येऊन तेल पातळ लागल्यास डिझेल उतरलें असें समजावें. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बी. एस. ६ डिझेल गाड्यांतील काजळीचा फिल्टर जादा डिझेल जाळून साफ होतो. गाडी वरचेवर थोडेंच अंतर चालवून बंद केली, तर हें काम अर्धवट राहतें, आणि तें डिझेल चेंबरांत उतरतें. दोन्हीं प्रसंगीं वंगणाची शक्ति जाते. अशी गाडी न चालवितां मिस्त्रीस दाखवावी.

ट्रॅक्टरवाल्यांस एक सूचना. ज्या जुन्या ट्रॅक्टरांत हवा गाळण्यास तेलाची वाटी असते, तींतहि तेल खुणेपर्यंतच घालावें. तेथें जास्त घातलेलें तेल हवेबरोबर थेट इंजिनांत ओढलें जातें.

तात्पर्य, दोन-तीन मिलिमीटरांनीं घाबरूं नये, अर्धा लिटर खपवून घेऊं नये, आणि न ओततां वाढलेलें तेल एक दिवसहि तसेंच ठेवूं नये. आठवड्यांतून एकदां डिपस्टिक पाहण्यास पंधरा मिनिटें पुरतात. इंजिन उतरविण्यास हंगाम जातो.