वसंताची वाट पाहणारे पालक आणि आपण

माघ सरत आला की छत्रपती संभाजीनगरातील आपल्या चिकित्सालयांत एकच वाक्य वारंवार कानी पडते: "जरा ऊन पडू द्या, डॉक्टर, मग लेकराचा खोकला जाईल." बालकाला खांद्याशी उभे धरून रात्री जागून काढणारी आई हे म्हणते, वाळूजची रात्रपाळी संपवून, सकाळच्या गारठ्यात त्याला दुचाकीवरून घेऊन आलेला पिताही हेच म्हणतो. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, या समजुतीचा त्यांना मोठा आधार वाटतो. ही ओढ आम्हांस अत्यंत स्वाभाविक वाटते. तथापि ज्या ऋतूची ते एवढ्या आतुरतेने वाट पाहतात तोच कफप्रकोपाचा ऋतू होय, हे सांगण्याचे अप्रिय काम आपल्याकडे येते.

हेमंत-शिशिरात साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होऊन अग्नी मंद करतो, हे वैद्यमित्रांना नव्याने सांगावयास नको. त्यात बाल्यावस्था मुळातच कफप्रधान. वय आणि ऋतू दोन्ही एकाच बाजूस झुकल्यावर केवळ उन्हाच्या भरवशावर राहून कसे चालेल?

शिवाय आपल्याकडे वसंत नेमका केव्हा येतो, हाही प्रश्न आहेच. रूढ गणनेप्रमाणे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. परंतु दोषांच्या संचय-प्रकोपाचा विचार करताना सुश्रुताचार्यांनी फाल्गुन-चैत्र हे मास वसंताचे मानले आहेत. आमच्या मते मराठवाड्यास हीच गणना लागू पडते. अजिंठ्याच्या डोंगरात पळस फुलतो तो फाल्गुनात. वैशाखात तर येथे पारा चाळिशीला टेकतो, त्यास वसंत कोण म्हणेल? फेब्रुवारीत दुपारी पारा तिशी ओलांडतो आणि पहाटे पंधराच्या आसपास उतरतो. दुपारच्या त्या उन्हाला भुलून घरोघरी स्वेटर पेटीत जातात, पंखे सुरू होतात, फ्रिजमधील पाणी, श्रीखंड व कुल्फी यांचे आगमन होते. ऋतू पालटला या आनंदात पालक जे करतात, तेच बालकास बाधते.

वाग्भटाचार्यांनी सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात दिवस ऋतुसंधी मानून, जुना विधी क्रमाक्रमाने सोडण्यास सांगितले आहे. पालकांना हे सोप्या भाषेत सांगता येते: स्वेटर दुपारी काढा, पण पहाटे असू द्या, दही व थंड पदार्थ थांबवा, पिण्यास सुंठ किंवा नागरमोथा घालून उकळलेले कोमट पाणी द्या. वसंतात दिवास्वप्न वर्ज्य, म्हणून तान्ह्या बाळाची दुपारची झोप मोडावयास सांगणारे काही उत्साही वैद्य आमच्या पाहण्यात आहेत. बालकांस दिवसा झोपण्याची मुभा खुद्द चरकाचार्यांनीच दिली आहे! त्याचप्रमाणे वमन हे वसंतातील प्रधान शोधन खरे, परंतु लहान बालकांत तीक्ष्ण शोधनाचा आग्रह धरू नये.

औषधांत बालचातुर्भद्र आणि सितोपलादि यांवर आपली सर्वांचीच भिस्त असते. येथे औषधालयाच्या मालकांशी दोन शब्द बोलणे अगत्याचे वाटते. अतिविषा महाग, तिच्यात भेसळ फार. वंशलोचनाच्या नावाने तर कृत्रिम द्रव्य सर्रास येते. मूळ द्रव्याची खात्री नसेल तर त्या चूर्णाकडून गुणाची अपेक्षा कशी धरावी? मध हे उत्तम अनुपान असले तरी एक वर्षाच्या आतील बाळास ते देऊ नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आपणही पाळावा असे आमचे मत आहे. आणि रात्रभर जागलेला पालक "काहीतरी लवकर गुण येणारे द्या" म्हणत दुकानाशी उभा राहिला, तरी त्याच्या हाती कोणतेही कफ-सिरप सहज ठेवू नये. 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात दूषित सिरपने लहानग्यांचे प्राण घेतले. त्यांचेही आईवडील खोकला थांबावा एवढेच मागत होते.

शांत असताना बालकाचा श्वास एक मिनिटभर मोजावा. दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास भरले, छाती आत ओढली जाऊ लागली अथवा बाळाने दूध सोडले, तर चूर्णाची पुडी बांधीत न बसता त्यास तत्काळ घाटी रुग्णालयात वा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे धाडावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत तर मोजणीचीही वाट पाहू नये.

राहिला प्रश्न होळी-पाडव्याला मुलांच्या गळ्यात घालण्याच्या साखरेच्या गाठींचा. मधुर रस कफवर्धक म्हणून त्यांवर बंदी घालणारे आहेत. आम्ही तसे करीत नाही. माळ गळ्यात राहू द्यावी, त्यातील एखादी गाठ मुलाने खावी, आणि पाडव्याला कडुलिंब, ओवा, मिरी, हिंग यांची चटणी घरात केवळ नैवेद्यापुरती न करता, खोकणाऱ्या मोठ्या मुलाच्या जिभेवरही थोडी ठेवावी, असे आम्ही सांगतो. पुढील तपासणीची तारीखही पाडव्यानंतरच्या आठवड्यातीलच लिहून देतो.