आधी माग, मग चादर

अमेरिकेत लोवेल गावच्या जुन्या कापडगिरण्यांना १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा मान मिळाला. तेथले चालते माग लोक तिकीट काढून, कानांत बोळे घालून पाहतात! आम्हां सोलापूरकरांना तो खडखडाट अंगाईसारखा. आमच्या मोठ्या गिरण्या थंडावल्या. पण चादरीचे जॅकार्ड माग आहेत. १८०४ सालची ही फ्रेंच युक्ती मोठी गमतीची. पुठ्ठ्याला भोक असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तेथे खालीच राहतो. अशी नक्षी उमटते. हेच पुठ्ठे पुढे बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतले. पाहुणे सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन चादरीच्या दुकानाकडे वळतात. मी त्यांना आधी मागावर नेतो. हे माग भंगारात गेले, तर आपल्या नातवंडांना ते पाहण्यासाठी लोवेलचेच तिकीट काढावे लागेल!