एका नांवाचीं दोन बिऱ्हाडें

जव्हार गांवाच्या लगत शिरपामाळ नांवाचा उंच, मोकळा माळ आहे. इ. स. १६६४ मध्यें सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज व जव्हारचे राजे विक्रमशहा यांची भेट येथें झाली, राजांनीं महाराजांस मानाचा शिरपेच अर्पण केला व त्यावरून माळास हें नांव पडलें, असें परंपरेनें सांगतात. जव्हार-मोखाड्याकडील माणसास या नांवाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. संगणकास मात्र तें ठाऊक नसतें. परदेशीं असलेल्या पुतण्यास इंग्रजींत पत्र लिहितांना कोणीं तें नांव रोमन अक्षरांत लिहिलें, कीं ब्राउझर त्याखालीं तांबडी नागमोडी रेघ ओढतो. मग लिहिणारा तो शब्द कोशांत घालण्याची आज्ञा देतो व रेघ नाहींशी होते. तेव्हांपासून शिरपामाळ त्या घरच्या ब्राउझरच्या ओळखीचा होतो.

आतां असें समजा, कीं एके सकाळीं तीच तांबडी रेघ पुन्हां उमटली. पडद्यावरील चिन्ह तेंच, ब्राउझरचें नांवहि तेंच. परंतु खुणा करून ठेवलेलीं पानें दिसत नाहींत, बँकेच्या पानावर नांव व पासवर्ड आपोआप उमटत नाहींत, आणि काल उघडी ठेवलेलीं पानें जणूं कधीं नव्हतींच. घरांत एकच गलबला होतो. मुलांनीं कांहीं भलतेंच दाबलें, असा आळ येतो. कोणी विषाणूची शंका काढतो. पुष्कळदां यांतील कांहींच खरें नसतें. एकाच ब्राउझरचीं दोन बिऱ्हाडें त्या संगणकांत थाटलीं गेलेलीं असतात, आणि आपण नकळत दुसऱ्याच बिऱ्हाडाचें दार उघडलेलें असतें.

अशा वेळीं एखादा उत्साही तरुण पुढें होतो व ‘सगळें काढून टाकूं आणि नव्यानें बसवूं’ असा निकाल देतो. आमच्या मतें खरा धोका याच क्षणीं उत्पन्न होतो. तोंपर्यंत बहुधा कांहींहि हरवलेलें नसतें. घाईची साफसफाई मात्र भरून न येणारी हानि करूं शकते. शिवाय ही हानि सर्वांच्या वांट्यास सारखी येत नाहीं. तरुणांच्या नोंदी त्यांच्या मोबाइलवरहि असतात. परंतु आजोबांनीं वर्षानुवर्षें जमविलेल्या पानांच्या खुणा, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठीं आईनें महाडीबीटीवर घेतलेला पासवर्ड, सात-बारा पाहण्यासाठीं काकांनीं करून ठेवलेली महाभूलेखाची खूण, यांची दुसरी नोंद अनेक घरांत कोठेंच नसते. एकत्र कुटुंबांत संगणक एक व त्याचा भरंवसा दहा जणांना असतो. म्हणून हा विषय घरांतील एका जाणत्यावर न सोडतां सर्वांनीं समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. ब्राउझर म्हणजे वस्तुतः दोन वस्तु होत. एक, पानें उघडून दाखविणारा प्रोग्राम. तो फुकट मिळतो व केव्हांहि पुन्हां आणतां येतो. दुसरी, त्या प्रोग्रामनें आपल्यासाठीं लिहून ठेवलेलें दप्तर. यास ‘प्रोफाइल’ म्हणतात. बुकमार्क, पासवर्ड, पाहिलेल्या पानांची यादी, कोशांत घातलेले शब्द, हें सारें त्या दप्तरांत असतें, आणि तें दुसऱ्या कोणाकडेहि विकत मिळत नाहीं. विंडोजवर हीं दोन्हीं निरनिराळ्या जागीं राहतात: प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्यें, तर दप्तर प्रत्येकाच्या स्वतःच्या ‘अॅपडेटा’ फोल्डरमध्यें. हा ‘अॅपडेटा’ सामान्यतः लपविलेला असतो, म्हणून घरांतील बहुतेकांनीं तो कधीं पाहिलेलाहि नसतो. जव्हार संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें, तो मुलूख ठाणें जिल्ह्यांत गेला व १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आला. कचेऱ्यांवरील पाट्या बदलल्या, तरी जमिनीचे जुने कागद ज्यानें त्यानें जपून ठेवलेच. प्रोग्राम ही पाटी आहे. दप्तर हे ते कागद आहेत.

दुसरें बिऱ्हाड कसें उभें राहतें, हेंहि पाहूं. फायरफॉक्सची गोष्ट यासाठीं विशेष बोधप्रद आहे. पूर्वी या ब्राउझरच्या दोन प्रती एका संगणकावर असल्या, तर त्या सामान्यतः एकच दप्तर वापरीत. एक प्रत नवी व एक जुनी असली, म्हणजे नवीनें लिहिलेलें जुनीस कळेना व दप्तर बिघडण्याचा संभव असे. म्हणून मे २०१९ मध्यें आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रतीस स्वतंत्र दप्तर देण्याची व्यवस्था झाली. हेतु दप्तराच्या रक्षणाचाच होता. परंतु याचा अर्थ असाहि झाला, कीं ब्राउझर दुसऱ्या फोल्डरमध्यें बसविला गेला तर तो कोरें दप्तर घेऊन उभा राहूं शकतो.

असा प्रसंग नकळत येतो. जुना ब्राउझर ३२ बिटांचा असेल व डाउनलोड करतांना ६४ बिटांचा मिळाला, तर दोघांच्या जागा वेगळ्या पडतात. नोव्हेंबर २०२१ पासून फायरफॉक्स मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्येंहि मिळूं लागला. तेथून घेतलेली प्रत आपलें दप्तर आणखी निराळ्या ठिकाणीं ठेवते. उबंटू वापरणाऱ्या घरांत एप्रिल २०२२ च्या २२.०४ या आवृत्तीबरोबर फायरफॉक्स ‘स्नॅप’ या नव्या बांधणींत आला, व त्याचें दप्तर घराच्या फोल्डरांतील ‘स्नॅप’ नांवाच्या कप्प्यांत राहूं लागलें. कोणीं पुन्हां जुन्या पद्धतीची प्रत बसविली, कीं झालीं दोन बिऱ्हाडें.

क्रोमची रीत थोडी वेगळी. तो संपूर्ण संगणकासाठीं किंवा एकट्या वापरकर्त्यासाठीं, असा दोन प्रकारें बसतो. परंतु दोन्हीं प्रकारांत त्या वापरकर्त्याचें दप्तर सामान्यतः एकच असतें. तेव्हां क्रोममध्यें बुकमार्क दिसेनासे झाले, तर आधीं उजवीकडील वरच्या कोपऱ्यांतील गोल चित्र पाहावें. पुष्कळदां प्रत एकच असते व घरांतील दुसऱ्या कोणाचें प्रोफाइल उघडलेलें असतें. तेथून आपलें प्रोफाइल निवडलें, कीं काम झालें. कांहीं काढण्याघालण्याची गरजच पडत नाहीं.

आतां उपाय. यांतील क्रम हाच मुख्य आहे. तो उलटा केला म्हणजे नुकसान होतें.

पहिलें काम शोधाचें. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टींत रोमन अक्षरांनीं ‘अबाउट’, लगेच अपूर्णविरामाचीं दोन टिंबें व त्यांस जोडून ‘प्रोफाइल्स’ असें लिहावें. त्या प्रतीस ठाऊक असलेलीं सर्व दप्तरें, प्रत्येकाचा फोल्डर आणि सध्यां कोणतें वापरांत आहे, हें तेथें दिसतें. क्रोममध्यें ‘क्रोम’, तींच दोन टिंबें, दोन तिरप्या रेघा व ‘व्हर्जन’ असें लिहिलें, कीं प्रोग्रामची जागा व दप्तराची जागा दोन्हीं कळतात. स्टोअरची किंवा स्नॅपची प्रत असेल, तर तिचें पान तिच्यांतूनच उघडून पाहावें, कारण तिला इतरांचीं दप्तरें दिसतीलच असें नाहीं. सांपडलेल्या जागा एका कागदावर उतरवून घ्याव्या.

दुसरें काम नकलेचें. ब्राउझरच्या सर्व खिडक्या बंद कराव्या. चालू ब्राउझरच्या दप्तराची नक्कल अर्धवट उतरण्याची भीति असते. मग सांपडलेलीं सर्व दप्तरें, जुनें कोणतें व नवें कोणतें हा वाद न घालतां, अख्खीं पेनड्राइव्हवर उतरून ठेवावीं. अख्खीं म्हणण्याचें कारण असें, कीं फायरफॉक्समध्यें पासवर्ड एका फाइलींत व त्यांची किल्ली दुसऱ्या फाइलींत असते. ‘लॉगिन्स’ नांवाची फाइल घेतली व ‘की४’ नांवाची मागें राहिली, तर पासवर्ड उघडत नाहींत. बुकमार्क व पाहिलेल्या पानांची यादी ‘प्लेसेस’ नांवाच्या फाइलींत असते. आपला शिरपामाळ ‘पर्सडिक्ट’ नांवाच्या एका लहानशा फाइलींत असतो.

क्रोमविषयीं येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. विंडोजवर त्याचे पासवर्ड त्या संगणकाशीं व तेथील खात्याशीं बांधलेले असतात. दप्तराचा फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला, तरी पासवर्ड तेथें उघडतीलच अशी आशा धरूं नये. त्यांची यादी क्रोममधूनच ‘एक्सपोर्ट’ या आज्ञेनें काढून घेतां येते. मात्र ती फाइल साध्या अक्षरांत असते व हातीं पडेल त्याला वाचतां येते. काम होतांच ती पुसावी, व पुसलेली वस्तु कचऱ्याच्या टोपलींत पडून राहते हें विसरूं नये.

तिसरें काम योग्य दप्तर योग्य प्रतीच्या हवालीं करण्याचें. जी प्रत ठेवावयाची तिचें अपडेट आधीं पूर्ण करावें. कारण नव्या प्रतीनें वापरलेलें दप्तर जुनी प्रत उघडूं लागली, तर फायरफॉक्स तिला अडवितो व नवें प्रोफाइल करण्याचें सुचवितो. अपडेट झाल्यावर मघांच्याच पानावरून एकेक दप्तर उघडून पाहावें. ज्यांत खुणा व पासवर्ड जागच्या जागीं दिसतील, तें कायमचें म्हणून नेमण्याचें बटण तेथेंच असतें.

चौथें काम पडताळ्याचें, आणि तें घरांतील सर्वांनीं करावें. आजोबांनीं आपल्या खुणा उघडून पाहाव्या, आईनें शिष्यवृत्तीचें पान, काकांनीं महाभूलेख. ज्याची वस्तु त्यालाच तिची उणीव कळते. एकानें सर्वांच्या वतीनें ‘ठीक आहे’ म्हणण्यांत अर्थ नाहीं.

हें झाल्यावरच पांचवें काम, म्हणजे जादा प्रत काढून टाकणें. विंडोजच्या अॅप्सच्या यादींत ३२ बिटांच्या प्रतीपुढें ‘एक्स८६’ व ६४ बिटांच्या प्रतीपुढें ‘एक्स६४’ अशी खूण असते. फायरफॉक्सचा प्रोग्राम या रीतीनें काढला, तरी दप्तर सामान्यतः जागेवर राहतें. क्रोम काढतांना ‘ब्राउझिंगची माहितीहि पुसावी काय’ असा एक चौकोन समोर येतो; त्यांत खूण करूं नये. स्टोअरची प्रत व स्नॅपची प्रत यांच्याबरोबर त्यांच्या कप्प्यांतील दप्तरहि जाऊं शकतें, म्हणून तेथें पेनड्राइव्हवरील नक्कल हाच आधार होय. शेवटीं खालच्या पट्टीवरील जुनीं चिन्हें काढून राहिलेल्या प्रतीचें चिन्ह तेथें बसवावें. नाहीं तर मेलेल्या प्रतीचें दार मुलें पुन्हां पुन्हां ठोठावीत राहतात. जुन्या दप्तराची नक्कल निदान महिनाभर तरी मोडूं नये.

यावर कोणी म्हणेल, कीं सिंक चालू असतांना एवढी यातायात कशाला? सिंक उपयुक्त आहे. परंतु तो आरसा आहे, तिजोरी नव्हे. एका ठिकाणीं खूण पुसली, कीं ती दुसऱ्या ठिकाणींहि पुसली जाते. फायरफॉक्सच्या सिंकमधील माहिती खात्याच्या पासवर्डानेंच कुलूपबंद असते. तो विसरून नवा घेतला, तर दूरच्या यंत्रावरील माहिती नाहींशी होऊं शकते. शिवाय डोंगरांतील तालुक्यांत पावसाळ्यामध्यें वीज व नेट या दोहोंचा भरंवसा बेताचाच. नेट नसतांना हाताशीं येईल ती स्वतः उतरून ठेवलेली नक्कल.

पुन्हां असा घोटाळा होऊं नये म्हणून आम्ही एकच व्यवस्था सुचवितों: प्रत एक, प्रोफाइलें अनेक. घरांतील प्रत्येकास ब्राउझरमध्यें स्वतंत्र प्रोफाइल करून द्यावें. आणि पासवर्ड एकमेकांस दिसूं नयेत अशी इच्छा असल्यास विंडोजचींच खातीं वेगळीं करावीं. एका स्वयंपाकघरांत जेवणारीं माणसें आपापली ट्रंक वेगळी ठेवतात, त्यांत कोणास परकेपणा वाटत नाहीं. नवा ब्राउझर कोणीं, केव्हां व कोठून बसविला, याची एक ओळ घरच्या वहींत लिहावी. दर अमावास्येस दप्तरांची नक्कल उतरावी, म्हणजे दिवस लक्षांत राहतो. आणि ज्यांना संगणकाचें फारसें कळत नाहीं त्यांच्या वस्तूंची नक्कल सर्वांत आधीं घ्यावी, कारण त्या हरवल्या तर कोठें शोधाव्या हें त्यांस सांगतां येणार नाहीं.