सिकलसेल : दुखत नसेल त्या दिवशीही दवाखाना गाठा

विदर्भात थंडी पडू लागली की काही घरांची झोप उडते. मुलाचे हातपाय, कंबर, छाती इतकी दुखते की ते किंचाळते. शेजारी म्हणतात, वात असेल. शाळेत म्हणतात, नाटक करतो. दवाखान्यात रात्री एक इंजेक्शन देऊन घरी पाठवतात आणि महिन्याभराने पुन्हा तेच. बंधू-भगिनींनो, हे नाटक नाही, बाहेरची बाधाही नाही. हा सिकलसेल आहे.

भारतात हा आजार 1952 साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये प्रथम आढळला. त्याच दशकात नागपूर भागातील आपल्या समाजातही तो दिसून आला. म्हणून कोणी याला 'जातीचा रोग' म्हणतात. ते अडाणीपणाचे आहे. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने माणसे मेली, तिथे हा दोष टिकला. कारण वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस येथेही तो आहे. त्यात लाज बाळगण्यासारखे काहीच नाही.

एक रोग, अनेक दारे

निरोगी तांबडी रक्तपेशी गोल असते आणि सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकडी होते आणि 10 ते 20 दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी पडते. या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून वेदना होतात. रक्त सगळ्या शरीरात फिरते, तसा हा आजारही सगळीकडे पोहोचतो. पाणथरी सुजते, खुब्याचे हाड झिजते, डोळा, मूत्रपिंड, फुप्फुस बिघडते. लहान मुलाला अर्धांगवायूसुद्धा होऊ शकतो.

मग रुग्ण काय करतो? पाय दुखला की हाडांच्या डॉक्टरकडे, दिसेना की डोळ्यांच्या डॉक्टरकडे, ताप आला की गल्लीतल्या दवाखान्यात. आमचे कार्यकर्ते वस्तीत फिरतात तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या पाच-सहा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पाहायला मिळतात. एकाने काय दिले ते दुसऱ्याला माहीत नाही. एक जण हाड पाहतो, दुसरा डोळा पाहतो. सबंध माणूस कोणीच पाहत नाही. यासाठीच सिकलसेलची वेगळी ओपीडी हवी. तिथे एकच डॉक्टर वर्षानुवर्षे रुग्णाला ओळखतो आणि गरजेप्रमाणे इतर तज्ज्ञांकडे पाठवतो.

जमैकाचा धडा

जमैका हा वेस्ट इंडीजमधील छोटा, गरीब देश. तिथे 1973 पासून राजधानी किंग्स्टनच्या एका प्रसूतिगृहात जन्मलेल्या एक लाख बालकांचे रक्त तपासले गेले. आजारी मुलांना एकाच क्लिनिकमध्ये नियमित बोलावले. आयांना बाळाच्या पोटावर हात ठेवून पाणथरी वाढली का ते ओळखायला शिकवले; कारण ती अचानक फुगली तर शरीरातले रक्त तिच्यातच साचते आणि बाळ काही तासांत दगावू शकते. आया वेळेवर येऊ लागल्या आणि असे मृत्यू पुष्कळ घटले. यात महागडे यंत्र कुठेच नव्हते. रोग आधी ओळखला, आयांना शिकवले आणि भेटी चुकवल्या नाहीत, एवढेच.

औषधांचेही तसेच आहे. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात, हे 1995 साली अमेरिकेतील चाचणीत सिद्ध झाले. पण ती मनाने सुरू करायची किंवा बरे वाटले म्हणून बंद करायची गोळी नाही. ठरावीक काळाने रक्ततपासणी करून मात्रा ठरवावी लागते. दिवस राहिले असतील किंवा मूल हवे असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे लागते. हे काम अपघात विभागातील रात्रपाळीचे नाही, नियमित ओपीडीचे आहे.

फाईल हीच खतावणी

मी कारकून माणूस. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर हिशोब जुळत नाही, एवढे मला कळते. सिकलसेलच्या अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन बरे असतानाही 7-8 असते. नवा डॉक्टर ते पाहून घाबरतो आणि रक्त चढवतो. वारंवार रक्त चढवले की शरीरात लोह साचते. उलट नेहमी 8 असणारे एकदम 4 वर आले तर तो जीवघेणा धोका आहे. नेहमीचा आकडा लिहिलेला असेल तरच हा फरक कळतो.

म्हणून एक जाड फाईल घ्या. पहिल्या पानावर लिहा : रोगाचे पक्के निदान, रक्तगट, नेहमीचे हिमोग्लोबिन, चालू गोळ्या व मात्रा, रक्त कधी चढवले, न्यूमोकोकलची लस कधी घेतली, कोणते औषध सोसत नाही. मागे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. रुग्ण कुठेही गेला तरी फाईल सोबत हवी. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय देऊ नका. भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा. ताप 101 च्या वर गेला, धाप लागली, पोट फुगले किंवा हातपाय लुळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका.

कार्ड म्हणजे उपचार नव्हे

1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने 2047 पर्यंत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर केली. 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी जरूर करून घ्या. विशेषतः लग्न जुळवताना पत्रिका नको, रक्ताचा रिपोर्ट पाहा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के असते. दोष दोघांकडून येतो. मग एकट्या सुनेला माहेरी पाठवणे हा कुठला न्याय?

परंतु हातात कार्ड देऊन रुग्णाला वाऱ्यावर सोडले, तर मोहिमेचा उपयोग काय? आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात सिकलसेलची ओपीडी कोणत्या वारी असते, गोळ्या महिनाभर पुरतात का, हे मंडळांनी, महिला मंडळांनी जाऊन विचारावे. ओपीडी नसेल तर लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. वस्तीतील रुग्णांची यादी करावी आणि ओपीडीच्या वारी त्यांना सोबत घेऊन जावे. मूल हसत-खेळत असेल त्या वारीसुद्धा.