रोवणीचं ऊन आणि गोरेपणाची ट्यूब

जुलैचा पाऊस धरला की गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या बांध्यांमध्ये बायका ओळीनं वाकलेल्या दिसतात. साडीवर नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट आवळलेला दुपट्टा, पोटऱ्यांपर्यंत चिखल. एका हातात पऱ्ह्यांची जुडी; दुसऱ्या हातानं दोन-चार रोपं चिखलात खोचायची आणि पाऊल मागं घ्यायचं. पाऊस उघडला की ऊन वरून लागतं, तसंच बांधीत साचलेल्या पाण्यावरून उलटून खालूनही लागतं. दुपट्टा वरचं अडवतो, खालचं अडवत नाही. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर जिथं उन्हाळी धान होतो तिथं हीच रोवणी जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा होते, आणि त्या धानाची कापणी ऐन उन्हाळ्यात येते. त्याच सुमाराला जंगलात मोहफुलं वेचायची असतात, मग तेंदूपानं तोडायची असतात. अशी वर्षानुवर्षं गेली की गालांवर, कपाळावर, नाकाच्या दांड्यावर तपकिरी-काळसर डाग उमटतात. त्याला वांग म्हणतात.

धान घरात येतो, दिवाळी होते, भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. दंडार असते, रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं असतात, लेकी-जावई, मामा-मावश्या मुक्कामाला येतात आणि सोयरिकीच्या गोष्टी निघतात. एकमेकांच्या हातात बायोडाटा पडतो. मुलाच्या बायोडाटात शिक्षण, नोकरी, शेती किती एकर. मुलीच्या बायोडाटात शिक्षण, उंची आणि वर्ण. वर्णाच्या पुढं ‘गोरा’, ‘निमगोरा’, ‘गव्हाळ’ यांतलं काहीतरी. सावळ्या मुलीच्या कागदावरही बहुतेक वेळा ‘निमगोरा’च लिहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्या बापाला खरं लिहिलं तर काय होईल ते माहीत असतं. मुलाचा वर्ण कुणी विचारत नाही. पाहुणे पाहायला येतात, पोहे-चहा होतो, मुलगी समोर बसते, नाव-गाव-शिक्षण विचारून होतं, आणि निरोप चार दिवसांनी मध्यस्थाकरवी येतो: पोरगी चांगली आहे, पण रंगानं जरा कमी आहे.

‘कमी’ म्हणजे कशात कमी? ज्या उन्हात तिनं आणि तिच्या आईनं धान रोवला त्या उन्हाची नोंद तिच्या कातडीवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या धानाचा तांदूळ सगळ्यांना चालतो. तो पिकवताना पडलेली खूण मात्र बाईच्या चेहऱ्यावर नको असते. सौंदर्याच्या दबावाबद्दल शहरात बोलणं निघतं तेव्हा विषय मासिकांच्या मुखपृष्ठांचा, नट्यांचा, जिमचा असतो. धानपट्ट्यात तो दबाव अधिक सरळ आणि अधिक निर्दय आहे. बाईनं राबायचं, आणि राबल्याचं दिसू द्यायचं नाही.

जन्मापासून सावळी असलेली मुलगीही याच तराजूत बसते. माणसाच्या त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात, ते त्वचेत कसं पसरतं, यात. सूर्याच्या अतिनील किरणांपासून पेशींमधल्या जनुकांचं रक्षण करणं हे त्याचं काम. म्हणजे काळेपणा हा या देशातल्या उन्हावर शरीरानं केलेला बंदोबस्त आहे. वांगेचं थोडं वेगळं. तिला ऊन लागतं, पण गरोदरपणातले आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळं होणारे संप्रेरकांचे बदल आणि आनुवंशिकताही लागते. शेतात राबणारी, दोन-तीन बाळंतपणं झालेली बाई वांगेच्या तावडीत सापडते ती म्हणूनच.

गोरं दिसण्याचा बाजार जुना आहे. मुंबईत १९१९ साली इब्राहिम पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ बाजारात आणलं, आणि ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठी घरांत रुळला. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आलं. पुढची पंचेचाळीस वर्षं त्याच्या आणि त्याच्यासारख्या क्रीमच्या जाहिराती एकच गोष्ट सांगत राहिल्या: सावळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही, मग ती क्रीम लावते, आणि सगळं मिळतं. जाहिरातक्षेत्राच्या स्वनियमन परिषदेनं २०१४ मध्ये सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये असा नियम केला. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर वर्णद्वेषाविरुद्ध जगभर आवाज उठला तेव्हा, २०२० च्या जुलैत, त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. नाव बदललं हे बरंच झालं. पण मंडईत निघणाऱ्या सोयरिकीच्या गोष्टींत वर्णाचा रकाना होता तिथंच आहे.

जाहिरातीतल्या क्रीमपेक्षा मला जास्त भीती वाटते ती मेडिकलमध्ये मिळणाऱ्या छोट्या ट्यूबची. ती घरात येण्याचा रस्ता बहुतेकदा चिखलातूनच जातो. रोवणीच्या दिवसांत पाय सतत पाण्यात, म्हणून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ओल्या कपड्यांमुळं कमरेला, मांडीला नायटा उठतो. डॉक्टरकडं जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. मग घरातलं कुणीतरी मेडिकलवाल्याला खाजेचं मलम मागतं. तो देतो ती ट्यूब बऱ्याचदा मिश्रणाची असते: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि त्यांच्या जोडीला एक जहाल स्टेरॉइड. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल. खाज एका रात्रीत थांबते, म्हणून मलम गुणकारी ठरतं; बुरशी मात्र आत पसरत राहते. आणि मलम लावलेली जागा उजळ झाली हे घरातल्या एका मुलीच्या लक्षात येतं. हिवाळ्यात पाहुणे येणार असतात. ती तेच मलम झोपताना चेहऱ्याला लावू लागते.

स्टेरॉइड त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं, दाह दाबतं आणि मेलॅनिन बनण्याची गती कमी करतं. त्यामुळं पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळतो, पुटकुळ्या बसतात, शेजारीण विचारते काय लावतेस. आणि ट्यूब दुसऱ्या घरात जाते. दोन-चार महिन्यांत त्वचा पातळ होते. गालांवर लाल शिरांचं जाळं दिसू लागतं, हनुवटीवर लव दाट होते, मुरुमांसारखे फोड येतात, उन्हात उभं राहिलं की चेहरा भगभगतो. घाबरून ट्यूब बंद केली की काही दिवसांतच चेहरा लालबुंद होऊन सुजतो, आग-खाज असह्य होते. पुन्हा ट्यूब लावली की शांत. मुलीला वाटतं, ट्यूब चांगली आहे, ती सोडल्यानंच त्रास होतो. त्वचारोगतज्ज्ञ याला स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा म्हणतात, आणि त्यांची राष्ट्रीय संघटना गेली कित्येक वर्षं याविरुद्ध ओरडते आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा चौदा स्टेरॉइडांची मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये पक्की केली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा कागदावर आहे. काउंटरवर चिठ्ठी कोण मागतं?

दुसरा धोका पाऱ्याचा. मेलॅनिन बनवायला त्वचेला एक विकर लागतं. पारा त्यालाच निकामी करतो, म्हणून गोरेपणाच्या काही बेकायदा क्रीममध्ये तो मिसळलेला सापडतो. सौंदर्यप्रसाधनात चुकून येणाऱ्या पाऱ्याची भारतातली कमाल मर्यादा दहा लाख भागांत एक भाग एवढीच आहे. आपल्याच विदर्भातल्या अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी मायलेकींना असंच क्रीम वापरल्यावर मूत्रपिंडाचा विकार जडल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली; मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा पाऱ्याचं प्रमाण मर्यादेच्या कैक पट निघालं. पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, पायांवर, डोळ्यांखाली सूज येते.

हे वाचून कुणी म्हणेल, मुलींनाच अक्कल नको का? हा प्रश्न मला मान्य नाही. ज्या मुलीला ठाऊक आहे की तिच्या चेहऱ्याचा रंग एक छटा उजळला तर बापाचं कर्ज कमी होईल, सासर जरा बरं मिळेल, कदाचित रोवणीला न जाणारं घर मिळेल, ती मुलगी हिशेब चुकत नाही. हिशेब तिच्यापुढं मांडणारे चुकताहेत.

नटणं-सजणं म्हणजे गुलामी, असंही सरसकट म्हणता येत नाही. महाडच्या सत्याग्रह परिषदेत, १९२७ च्या डिसेंबरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना सांगितलं होतं की लुगडं पायघोळ नेसा, गळ्यातल्या गाठल्यांचा आणि कोपरापर्यंतच्या कथील-चांदीच्या दागिन्यांचा भार टाकून द्या, जात ओळखू येईल अशा खुणा अंगावर ठेवू नका. तो उपदेश ऐकून बायकांनी तिथल्या तिथं लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलली. बाईनं कसं दिसावं हे जातव्यवस्था ठरवत होती, आणि नीटनेटकं दिसणं हाच तिथं बंडाचा मार्ग होता. या तालुक्यातल्या बौद्ध वस्त्यांत १४ एप्रिलला पांढरीशुभ्र साडी नेसून निघणाऱ्या बायका त्या वाटेवरच्या आहेत. गोंड बायकांच्या हातापायांवरचं गोंदणही असंच. मेल्यावरही सोबत येणारा हा एकच दागिना, अशी त्यामागची समजूत. सावळ्या कातडीवर निळसर गोंदण शोभतं, आणि ज्या समाजानं ते शोभून दिसतं असं मानलं त्याच्या डोळ्यांना गोरेपणाची गरज नव्हती. आता त्याच घरांतल्या नाती कॉलेजला जाताना गोंदवून घेत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. पण गोंदणाच्या जागी ट्यूब आली असेल तर तो हक्क त्यांच्या हाती आला असं म्हणता येणार नाही.

स्वतःच्या आनंदासाठी नटणं आणि परीक्षेला बसल्यासारखं नटणं यातला फरक मराठी बाईनं फार पूर्वी ओळखला आहे. १८८२ मध्ये विदर्भातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. बाईला लावता ते नियम पुरुषाला का लावत नाही, हा त्या पुस्तकाचा पाया. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तो प्रश्न बायोडाटाच्या कागदाला विचारला तरी कागद निरुत्तर होतो.

आणि त्या कागदावर जे असायला हवं ते नसतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला; पुरुषांत हे प्रमाण २१.९ टक्के होतं. रक्त कमी झालेली मुलगी फिकी दिसते, आणि फिकेपणालाच ‘उजळ’ समजणारे डोळेही आपल्याकडं कमी नाहीत. पूर्व विदर्भात सिकलसेलही आहे. आई आणि बाप दोघंही सिकलसेलचे वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक माणूस धडधाकट असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणी रक्ताच्या थेंबाची, सरकारी दवाखान्यात मोफत होते. तपासायला हवं मुलीला आणि मुलाला, दोघांनाही. एकट्या मुलीचा अहवाल मागून तिला नाकारायला आणखी एक निमित्त तयार करणार असाल तर ती तपासणी कामाची नाही. पोरगी कारी का गोरी, हे चार वेळा विचारणाऱ्या घरात पोराचं रक्त तपासलं का, हे एकदाही विचारलं जात नाही, याचा राग यायला हवा.

ज्यांच्या घरात अशी ट्यूब आहे त्यांच्यासाठी: तिच्यावरचं बारीक अक्षरांतलं नाव वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे, आणि ते डॉक्टरनं सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावायचं नाही. बरेच महिने लावत आला असाल तर एकदम बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञ ते टप्प्याटप्प्यानं उतरवतात, सौम्य औषधं देतात, उन्हापासून जपायला सांगतात. बरं व्हायला महिने लागतात, आणि पहिल्या आठवड्यांत चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. तेवढे दिवस घरच्यांनी तिला टोचून बोलू नये, हा उपचाराचाच भाग समजावा. ज्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, घटकांची यादी नाही, ते क्रीम फुकट मिळालं तरी नको.

गोंदियाला २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अर्जुनीहून गाडीनं जाऊन यायचं म्हणजे एक मजुरी गेली. म्हणून गावातच काहीतरी हवं. आशाताई घरोघरी जातातच, शाळेत किशोरींना आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जातेच. त्याच भेटीत ‘तोंडाला काय लावता, ट्यूब दाखवा’ एवढा एक प्रश्न जोडायला नवी योजना लागत नाही. तो प्रश्न रोवणी संपल्यावर आणि मंडईच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात विचारला जावा. ट्यूब लागायला सुरुवात होते ती त्याच दिवसांत.