पाळण्यातले पाय

बेंगळुरूच्या कब्बन पार्कलगत असलेल्या चिन्नास्वामी स्टेडियमवर उन्हाळी सुट्टीत शाळकरी मुलांची क्रिकेट शिबिरे भरत. अशाच एका शिबिरात केकी तारापोर या जाणत्या प्रशिक्षकांच्या नजरेस एक मुलगा पडला. जन्म इंदूरचा, घरची भाषा मराठी, वाढ मात्र बेंगळुरूची. राहुल द्रविड त्या काळी यष्टिरक्षणही करीत असे. तारापोर, गुंडाप्पा विश्वनाथ, रॉजर बिन्नी, ब्रिजेश पटेल अशा अनुभवी मंडळींनी त्याला सल्ला दिला, की हातमोजे बाजूला ठेव आणि फलंदाजीकडे लक्ष दे. सल्ला अचूक ठरला. गंमत अशी, की २००३ च्या विश्वचषकात भारताला सात फलंदाज खेळवायचे होते, तेव्हा यष्ट्यांमागे उभा राहिला तो हाच द्रविड! म्हणजे जाणकारांनी जे बाजूला सारले, तेही पुढे उपयोगी पडलेच.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. क्रिकेटमध्ये तो पाळणा म्हणजे शालेय स्पर्धा आणि १९ वर्षांखालील संघ. तेथे धावांच्या राशी घालणारा मुलगा कसोटीच्या मैदानावर टिकेल काय, हा निवड समित्यांना पिढ्यान्‌पिढ्या छळणारा प्रश्न आहे. आणि तो केवळ समित्यांचा नाही. सतरा-अठराव्या वर्षी महाविद्यालय की मैदान, हा निर्णय मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना घ्यावा लागतो. पारख चुकली तर संघ दुसरा खेळाडू शोधतो. मुलाला मात्र ती वर्षे परत मिळत नाहीत.

ही कोडी काही आपलीच नाहीत. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळला जातो, त्यात 'क्वार्टरबॅक' हा संघाचा मेंदू. महाविद्यालयांतून तयार झालेल्या खेळाडूंना व्यावसायिक संघ दरवर्षी ठरलेल्या क्रमाने निवडून घेतात. १९९८ साली पेटन मॅनिंग पहिला निवडला गेला आणि रायन लीफ दुसरा. दोघांत सरस कोण, यावर जाणकारांत खरीखुरी फूट होती. मॅनिंग त्या खेळातील सर्वश्रेष्ठांत गणला गेला, तर लीफची कारकीर्द काही हंगामांतच आटोपली. पुढे २००० साली टॉम ब्रेडी नावाच्या खेळाडूचा क्रमांक लागला १९९वा. धावण्याच्या चाचणीत तो संथ ठरला होता. त्याच ब्रेडीने पुढे सात वेळा 'सुपर बोल' जिंकला. धावण्याचा वेग घड्याळाने मोजता येतो; चार धिप्पाड गडी अंगावर येत असताना डोके किती शांत राहील, हे कोणते घड्याळ मोजणार?

बेंगळुरूच्या बाबतीत या 'ड्राफ्ट'ची एक हकीकत आहेच. मार्च २००८ मध्ये भारताने क्वालालंपूरला युवा विश्वचषक जिंकला, आणि त्याच महिन्यात आयपीएलच्या संघांनी त्या युवा खेळाडूंची आळीपाळीने निवड केली. दिल्लीच्या संघापुढे आपल्याच शहरातला, विश्वविजेत्या संघाचा कर्णधार विराट कोहली होता. परंतु सेहवाग, गंभीर यांच्यासारखे फलंदाज त्यांच्याकडे आधीच होते. त्यांना गोलंदाजाची निकड वाटली. त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला घेतले आणि कोहली बेंगळुरूच्या वाट्यास आला. दिल्लीचा विचार कागदावर चुकीचा नव्हता, हे नमूद करायला हवे. किंबहुना पहिल्या हंगामात तो बरोबरच वाटला असता, कारण कोहलीने १३ सामन्यांत अवघ्या १६५ धावा केल्या. सांगवानला भारताच्या संघात स्थान मिळाले नाही, आणि कोहलीचे पुढे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे. मात्र ३ जून २०२५ रोजी बेंगळुरूने प्रथमच ती स्पर्धा जिंकली, तेव्हा त्या निवडीला सतरा वर्षे लोटली होती.

त्याच २००८ साली, ऑस्ट्रेलियातील उदयोन्मुख खेळाडूंच्या स्पर्धेत राष्ट्रीय निवड समितीचे तत्कालीन अध्यक्ष दिलीप वेंगसरकर यांनी कोहलीला न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकताना प्रत्यक्ष पाहिले आणि त्याला भारतीय संघात घेण्याचा आग्रह धरला. आयपीएलमधील धावा त्यांनी मोजल्या असत्या तर हा आग्रह धरता आला नसता. मग त्यांनी काय पाहिले असेल?

कदाचित याचे उत्तर बेंगळुरूच्याच जुन्या उदाहरणांत सापडेल. गुंडाप्पा विश्वनाथची चण लहान, मनगटे मात्र जादूची. म्हैसूरकडून रणजी पदार्पणातच त्याने आंध्रविरुद्ध २३० धावा केल्या होत्या. १९६९ साली कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीत उतरला आणि पहिल्या डावात शून्यावर बाद झाला. तेवढ्यावर पारख केली असती तर? दुसऱ्या डावात त्याने १३७ धावा केल्या. अनिल कुंबळेच्या बाबतीत तर जाणकारांचा आक्षेप नेमका मर्मावर होता: हा लेगस्पिनर चेंडू वळवतच नाही. आक्षेप बराचसा खरा होता, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरला. चेंडू वळत नसला तरी तो वेगाने येई, उसळे, आणि दिवसभर त्याच टप्प्यावर पडे. १९९० मध्ये पहिली कसोटी खेळून बाहेर बसलेला हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी ६१९ बळी घेऊनच थांबला. पुस्तकातल्या लेगस्पिनरशी ताडून पाहणाऱ्यांना तो अपुरा वाटला. समोरचा फलंदाज किती अडचणीत येतो हे पाहणाऱ्यांना तो पुरेसा होता.

शास्त्राच्या बाजूनेही थोडे पाहू. युवा गटात ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू खेळणाऱ्या फलंदाजाला वरच्या पायरीवर १४० किलोमीटरचा चेंडू भेटतो. विचार करण्यास मिळणारा वेळ यामुळे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी घटतो. पण मुळात हाताशी असतो जेमतेम अर्धा सेकंद! शाळेत ज्या फटक्यासाठी तंत्रातील पळवाट चालून जाते, ती येथे बंद होते. शिवाय शालेय सामन्यांत खराब चेंडू षटकागणिक मिळतो. कसोटीत त्यासाठी तासभर थांबावे लागते. मुलाच्या धावसंख्येवरून त्याचा संयम कळत नाही, कारण त्याला संयमाची गरजच पडलेली नसते. नव्या उद्योजकाचा कर्जाचा अर्ज हाती घेणाऱ्या बँक अधिकाऱ्यास ही अडचण ओळखीची वाटेल: ताळेबंद मागील वर्षांचा असतो आणि परतफेड पुढील वर्षांची.

राष्ट्रीय क्रिकेट अकादमी २००० साली बेंगळुरूत सुरू झाली. त्यापाठोपाठ २००२ मध्ये क्रिकेट मंडळाने गुणवत्ता शोधण्यासाठी एक स्वतंत्र शाखा काढली. कल्पना पत्रकार मकरंद वायंगणकर यांची, अध्यक्ष वेंगसरकर. माजी खेळाडूंनी लहान गावांतील सामने पाहावेत आणि लेखी अहवाल धाडावेत, अशी साधी रीत. २००३ साली बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपूरला एका यष्टिरक्षक-फलंदाजाला पाहिले. ताकद अफाट, तंत्र ओबडधोबड. शिवाय योजना १९ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि हा एकवीस ओलांडलेला. नियमावर बोट ठेवले असते तर महेंद्रसिंह धोनीचा अहवाल फायलीतच राहिला असता. वेंगसरकरांनी अपवाद केला.

सर्वच अपवाद असे फळत नाहीत, आणि सर्व नियमबद्ध निवडीही नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये द्रविड यांच्या मार्गदर्शनाखाली युवा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार मुंबईचा पृथ्वी शॉ होता आणि उपकर्णधार शुभमन गिल. त्या क्षणी कुणालाही विचारले असते, तर त्याने पृथ्वीकडे बोट दाखविले असते. शालेय क्रिकेटमध्ये एका डावात ५४६ धावा, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातच १३४. अशा पाळण्यातल्या पायांबद्दल शंका कोण घेणार? डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला दोन्ही डावांत त्याचा त्रिफळा उडाला, त्याची जागा गेली, आणि पुढच्याच मेलबर्न कसोटीत गिलचे पदार्पण झाले. २०२५ मध्ये गिल भारताचा कसोटी कर्णधार झाला. २०२४ च्या आयपीएल लिलावात पृथ्वीला एकाही संघाने घेतले नव्हते. बाहेरच्यांनी कारणे पुष्कळ सांगितली. पण दोन मुलांच्या आयुष्यातील हे अंतर २०१८ च्या कोणत्याही आकडेवारीत दिसत नव्हते, एवढे खरे.

द्रविड यांनी २०१५ नंतर युवा आणि 'अ' संघांची, व २०१९ मध्ये बेंगळुरूच्या अकादमीची धुरा घेतली, तेव्हा त्यांनी पारखीचा प्रश्न थोडा निराळ्या अंगाने सोडविला. एका खेळाडूने एकदाच युवा विश्वचषक खेळावा, हा दंडक त्यांच्याच काळात आला. 'अ' संघाच्या दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येक मुलास सामना मिळालाच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे. लहानपणी दौऱ्यावर जाऊन नुसते बसून परतण्याचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते. डिसेंबर २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात त्यांनी वयचोरीवर कठोर टीका केली. सोळा वर्षांच्या मुलांत अठराचा मुलगा खेळला, की त्याचे आडदांड शरीरच गुणवत्ता म्हणून खपते आणि खऱ्या गुणवान मुलाची जागा जाते. म्हणून तर डाव्या मनगटाचे क्ष-किरण काढून हाडांचे वय तपासले जाते.

स्वतः द्रविड रणजीत प्रथम खेळला तो फेब्रुवारी १९९१ मध्ये, पुण्यात, महाराष्ट्राविरुद्ध, धावा ८२. कसोटीची टोपी मिळाली जून १९९६ मध्ये, लॉर्ड्सवर. मधली पाच वर्षे बेंगळुरूकडे त्याला पारखण्यास वेळ होता, आणि त्याच्याकडे पारखून घेण्याचा धीर.

अमोल मुजुमदार यांच्याकडे तो धीर याहून अधिक होता. १९८८ साली आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. १९९४ मध्ये मुंबईकडून पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये एकूण ११ हजारांहून अधिक. परंतु द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात मधल्या फळीत जागा रिकामी झालीच नाही, आणि भारताची टोपी त्यांच्या डोक्यावर आली नाही. त्यांची पारख चुकली असे म्हणावे, तर त्यांच्याऐवजी घेतलेला कोणता खेळाडू वगळायचा, हे सांगता येत नाही. पुढे ते प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय महिलांनी विश्वचषक उचलला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते.